एकाच ताग्यातले पडदे

हॅलो? … हॅलो, कोण? … अरे छोट्या, तू? मी दुकानात आहे रे. हातात गिऱ्हाइकाची पँट आहे, तासाभरात द्यायचीय. पटकन बोल.

काय? … थांब, थांब, मशीनचा आवाज येतोय. … मास्तर, एक मिनिट हं, भावाचा फोन आहे. … हां, बोल. आईचं काय?

अंगणात? … अंगणात काय करत होती? … टॉवेल आणि साबण घेऊन? … अरे पण म्हणजे काय? … आंघोळीला निघाली आणि बाथरूमऐवजी मागचं दार उघडून थेट अंगणात? … पायऱ्यांवर? … पडली का? छोट्या, आधी ते सांग. पडली का?

गुडघा फक्त? … खरचटलंय ना? हाड नाही ना? चालते? … हुश्श. मग असा घाबरवतोस कशाला माणसाला! आधी म्हणायचं ना, 'ताई, आई ठीक आहे'. चार शब्द. चार शब्दांना जीव जातो तुझा?

ठीक नाही म्हणजे? … दुधाचं पातेलं? … बाथरूममध्ये दुधाचं पातेलं? … कधी? … परवा. वा! परवापासून तू तिथे आहेस आणि मला आज कळतेय.

नाही. नाही हं छोट्या, तो शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. आईचं डोकं ठिकाणावर आहे. … तू कोण, डॉक्टर लागून गेलास? फरश्या विकतोस तू दुकानात! … अरे गेल्या रविवारी मी तिथे होते ना. माझ्या सासूबाईंनी दाढ कधी काढली, ते तिनं मला तारखेसकट सांगितलं. मला आठवत नाही, ज्यांची दाढ त्यांना आठवत नाही, आईला आठवतं. आणि तू म्हणतोस तिला भ्रम झालाय!

काय केलंस? … पुन्हा बोल. … बॅग भरलीस? … कुणाला विचारून? … टॅक्सी दारात आहे? आत्ता?

छोट्या, मला एक सांग. हा फोन तू मला विचारायला केलायस की कळवायला?

हं. कळवायला. वाटलंच.

हो, ठरलं होतं. मला माहीत आहे काय ठरलं होतं ते. गेल्या वर्षी जेवायच्या टेबलावर तू आईला तोंडावर सांगितलंस. 'ज्या दिवशी तुझं तुला जमणार नाही, त्या दिवशी तू माझ्याकडे आणि घराला कुलूप.' जेवता जेवता, तोंडात घास असताना. … हो, मीही मान डोलावली. डोलावली, चुकलं माझं. पण मान डोलावणं वेगळं आणि म्हातारीला न विचारता बॅगेत भरणं वेगळं.

चौथा मजला आहे तुझा! तिथे ती काय करणार? ती त्या घरात पंचेचाळीस वर्षं आहे रे. अंधारात उठून पाणी पिऊन येते. तुमच्याकडे आली की संडासला जायचं असलं तरी विचारते, 'जाऊ का?' म्हणून. मागच्या वेळी बघितलंय मी. पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसून होती चार दिवस.

… काय? काय म्हणालास?

'तुझे पडदे बघून ती बरी होणार आहे का?' … नाही, नाही, बोललास ना, आता गिळू नकोस. ऐक. चार महिने, छोट्या. चार महिने मी या दुकानातून सुटले की घरी जाऊन पुन्हा मशीनवर बसले. पडदेवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून घाम फुटला मला, म्हणून हातमागाचा एकच मोठा तागा उचलला, काठ खराब म्हणून बाजूला टाकलेला. काठ मी कापून काढले. पांढऱ्या कापडावर बटाट्याचे ठसे कोरून निळी पानं छापली. हो, बटाट्याचे! हस, हस तू. माझी बोटं पंधरा दिवस निळी होती, मास्तर विचारत होते शाई सांडली का म्हणून. दारांचे पडदे, खिडक्यांचे पडदे, पलंगपोस, उशा, जमिनीवर अंथरायच्या पट्ट्या. सगळ्या घराला एक कापड, एक रंग. विकत घ्यायला गेले असते तर मला लागलेल्या पैशात एका खोलीचंसुद्धा झालं नसतं.

कशासाठी? तुला माहीत नाही कशासाठी? दर वेळी आलास की भिंतीवर बोट फिरवून म्हणायचास, 'ताई, या घरात आता जीव नाही.' म्हटलं, घर उजळलं तर तुझं तोंड बंद होईल. कुलपाचा विषय निघणार नाही. आईसाठी केलं रे मी ते. तुझ्यासाठीही केलं, तू गप्प बसावंस म्हणून.

… नाही आवडले? कुणी सांगितलं तुला की तिला आवडले नाहीत? ती माझ्यासमोर म्हणाली, 'छान आहे गं.' … मग?

काय करते? … थांब. हे परत सांग. सावकाश सांग.

मधल्या बोळात उभी राहते. … हो. … आणि पडदे चाचपते. … एक एक करून? चारही? … आणि मग पुन्हा पहिल्यापासून? … किती वेळ?

… मास्तर, ती पँट तुम्ही घ्याल का जरा? नाही, नाही, काही नाही. घ्या ना प्लीज.

छोट्या, ऐक. चाचपताना तिचे डोळे कुठे असतात? … अरे, बघितलं असशील ना! पडद्याकडे बघते का? … वर? … कुठेच नाही?

आत्ता कुठे आहे ती? … आत, खुर्चीत. चष्मा आहे डोळ्यावर? … बरं. मी सांगते ते कर. का म्हणून विचारू नकोस, वाद घालू नकोस, आयुष्यात एकदा तरी मोठी बहीण सांगते ते कर. चपला काढ. पाय न वाजवता तिच्या समोर जाऊन उभा राहा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि तिच्या तोंडासमोर हात हलव. … वेडी नाही मी. हलव तर खरं.

… हलवलास? बोलू नकोस, हो असेल तर नुसती फोनवर टिचकी मार.

… आणखी जवळ जा. वीतभर.

…

छोट्या?

… काहीच नाही? डोळेसुद्धा मिचकावले नाहीत?

… अरे देवा.

नाही, नाही, तिथून बाजूला हो. बाहेरच्या खोलीत ये. ये आधी. तिला कळू देऊ नकोस. … आलास? … हो. हो रे. दिसत नाहीये तिला. … अरे ती चष्मा लावते म्हणून आपण धरून चाललो की दिसतं! रोज पुसते, केसात अडकवते, पुन्हा लावते. आपल्याला गंडवलं तिनं, दोघांनाही. … मला काय माहीत किती दिवसांपासून! वर्ष असेल. जास्तही असेल.

मी तिला विचारलं होतं रे, निळा घेऊ की हिरवा? म्हणाली, 'तुला आवडेल तो.' मला राग आला. म्हटलं, एवढं विचारते तर हिचं आपलं भलतंच, कशात म्हणून उत्साह नाही. कापड हातात घेऊन म्हणाली, 'गुळगुळीत आहे गं. सगळे सारखेच करणार का?' आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, 'हो, मग? आता तरी घर नीट दिसू दे.' दिसू दे! कुणाला सांगत होते मी!

… नाही, तू ऐक. तुला अजून नाही कळलं. अरे, आधीचे पडदे आठवतात ना तुला? … हो, तेच, आईनं केलेले. एकाला एक मेळ नाही. एक जुन्या टॉवेलांचे तुकडे जोडून केलेला, खरखरीत. एक जाड दोऱ्याचा, क्रोशाचा. मागच्या दाराला ते ब्लँकेटचं धूड. आणि कोठीच्या खोलीला बाबांच्या कॉर्डरॉय पँटींचा, त्या उभ्या रेघांचा. … हो, हो, पँटीचा खिसा बटणासकट तसाच ठेवलेला. तुझे मित्र आले की तू त्याच्यासमोर उभा राहायचास, झाकायला. आणि मी लाजायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या माहेरी दारादाराला ठिगळं!

आता हातानं विचार कर. बोळातून भिंतीला धरून चाललीयेस… चाललायस. हाताला खरखरीत लागलं, की अमुक दार. भोकंभोकं लागली, की तमुक. जाड, गरम लागलं की मागचं दार, तिथे पायऱ्या आहेत, सांभाळून. डोळ्यांची गरजच काय?

हां. कळलं ना आता? आणि मी काय केलं? चारही दारांना एकाच ताग्यातलं कापड. एकसारखं, गुळगुळीत, इस्त्री केलेलं. आणि तिनं चिंध्यांच्या वेण्या घालून केलेली पायपुसणी, पायाला टोचायची ती, तीही काढली. आईला तिच्याच घरात वाट सापडेनाशी केली मी. कधी केलं हे? तीन आठवड्यांपूर्वी. दूध बाथरूममध्ये कधी गेलं? परवा. अंगणात कधी गेली? आज. हे तिचं डोकं नाही रे, छोट्या. हे माझे पडदे आहेत!

… काय? … नाही! नाही, हे त्याहून वाईट नाही! … अरे 'आंधळी आहे तर मग आणखीनच न्यायला हवं' काय! वर्षभर तू दर पंधरवड्याला जातोस, तुझ्यापुढे गरम गरम ताट वाढते, तुला कधी शंका आली? करपलं काही? सांडलं? एकदा तरी पडली? नाही ना? मग आता चौथ्या मजल्यावर नेऊन तिला कुठल्या भिंतीला धरायला लावणार आहेस तू?

ओरडू नको? मी ओरडणारच! दुकानात सगळे बघतायत तर बघू देत!

… छोट्या? … ए. … रडतोयस का तू?

अरे… ऐक. … हो. हो, कळतंय मला. घाबरलास तू. आई साबण हातात घेऊन अंगणात बसलेली, शेजारपाजारचे बघतायत… मी असते तर मीही हबकले असते. … हो रे. पण घाबरून माणसाला उचलून न्यायचं नसतं. नाक पूस. नाक पूस आधी, मला ऐकू येतंय सगळं.

मला अर्धा तास दे. … अर्धा तासच! टॅक्सीवाल्याला सांग थांब म्हणून. … हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, त्याचं काय जातंय, मीटर पळतोय ना? तो मीटर मी भरते. … आपण आत्ताच्या आत्ता बघू. तू तुझ्या डोळ्यांनी बघ. जुने पडदे परत लावू आणि आईला चालू दे. तिला वाट सापडली तर बॅग सोडायची. … नाही सापडली तर… नाही सापडली तर मी तोंड उघडणार नाही. जा घेऊन तिला.

हो, दिला शब्द.

जुने पडदे कुठे? … ते… जुने पडदे ना… थांब, सांगते. बोलू दे मला. … फेकले नाहीत. … उशांमध्ये आहेत.

अरे, नवीन उशांमध्ये! कापूस काय फुकट मिळतो? काटकसर म्हणून जुने पडदे कापून आत भरले. … हो, कापून. … हो, मीच. … तू आत्ता मला काही बोलू नकोस हं, तुला जे बोलायचंय ते मी स्वतःला बोलून झालंय. बाहेरच्या दिवाणावर दोन चौकोनी उशा आहेत, त्या घे. एक फाड. … शिवणीतून नको शोधत बसू, मी शिवलीय, नाही सुटायची. कात्री घे, नाहीतर सुरी. फाड सरळ.

… फाटत नाही? अरे, दात लाव! … हां. निघालं? काय निघालं? … टॉवेल. बरं, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा काढ. … हातभर आहे? पुरे. आता दुसरी. … क्रोशा? वा. दोरे सुटलेत? सुटू देत. … फोन खाली ठेवायचा नाही, खांद्यात धर.

आता बोळात जा. हळू. नवीन पडदे काढ दोन दारांचे, बाथरूम आणि स्वयंपाकघर. … दांडीवरून सरकवून काढ. … नाही निघत तर ओढ! … फाटला? फाटू दे. माझंच आहे ते, मी म्हणते ना फाटू दे.

आता टॉवेलचा तुकडा बाथरूमला. आणि क्रोशाचा स्वयंपाकघराला. … हो, नक्की. टॉवेल बाथरूमलाच असणार ना, अजून कुठे? … आठवतंय म्हणजे… अरे मीच माझ्या हातानं काढलेत तीन आठवड्यांपूर्वी. … आठवतंय रे! लाव तू. कमरेच्या उंचीला आला पाहिजे, तिचा हात तिथे जातो. … पिना नाहीत? खिळ्याला अडकव. भोकंच भोकं आहेत त्याला.

झालं? … आता आईला म्हण, 'आई, चहा टाक.' … टॅक्सी दारात असताना चहा कसला म्हणजे? तुला चहा नको असतो कधी? म्हण सहज. आवाज नीट ठेव. आणि तिच्या मागे मागे जाऊ नकोस. बोळाच्या तोंडाशी उभा राहा, हात लावू नकोस, वाट सांगू नकोस. मी ऐकतेय.

… मास्तर, मला बसू द्या हं इथे.

… उठली? … काय म्हणाली? … 'साखर कमी घालीन, तुझं पोट सुटलंय'? … तुझं पोट तिला कसं… आवाजावरून! खुर्ची करकरते ना तू बसलास की. बरं, पुढे?

भिंतीला हात आहे? … हां. … कोठीचं दार गेलं. … थांबली? … मग? … बोल ना रे!

हात लागला का कापडाला? … कुठल्या? … टॉवेलच्या. बाथरूमच्या. … हं, तो ओलांडून पुढे जाईल बघ आता. पुढे जाईल. … काय?

आत गेली?

… बाथरूममध्ये? … चहाचं म्हटल्यावर बाथरूममध्ये?

…

नाही. … नाही, काही नाही. इथेच आहे मी.

… हो, दिला होता शब्द. … मी कुठे नाही म्हणतेय? … ने. ने तिला. … नाही रे, रडत नाही मी. बॅगेत तिचा स्वेटर टाकलास का? तो पातळ नको, बटणांचा टाक. आणि तिच्या गुडघ्याला…

… काय झालं? कोण ओरडतंय? … आई? … काय म्हणते? फोन तिच्याकडे कर, मला ऐकू दे. … नाही ऐकू येत, तूच सांग!

'कुणी… कुणी केला हा गाढवपणा'? … 'माझा स्वयंपाकघराचा पडदा बाथरूमला कुणी टांगलाय?'

स्वयंपाकघराचा? टॉवेलचा पडदा स्वयंपाकघराला होता? … का पण? … ओले हात पुसायला! आत-बाहेर करताना! … अरे हो! हो, हो, त्यालाच पुसायची ती हात! आणि क्रोशाचा बाथरूमला, वाफ बाहेर जायला, लवकर वाळायला! छोट्या, मी उलटं सांगितलं तुला! मी चुकले रे, ती नाही! आई बरोबर गेली, पडद्याप्रमाणे बरोबर गेली!

काय करतेय आता? … ओढून काढला? … आणि? … क्रोशाचा पण काढला? … ती स्वतः लावतेय अदलाबदल करून? … बघू नकोस नुसता, खुर्ची दे तिला चढायला… नको, नको, चढवू नकोस! तू लाव. ती सांगेल तिथे लाव. … शिव्या घालतेय तर खा शिव्या.

आता बोल. आहे डोकं जागेवर की नाही? तुझं आणि माझं मिळून जेवढं नाही तेवढं आहे. … कुठे चालली? … स्वयंपाकघरात? … सरळ? … हात पुसले पडद्याला? … गॅस लावला?

जा. टॅक्सीवाल्याला पाठव परत. … मी काही बोलत नाही, तूच सांग काय करायचं ते. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. … हं. … हं. बरोबर. बॅग सोडायची. … आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे मी नेते तिला, या आठवड्यातच. मोतीबिंदू असला आणि ऑपरेशननं निघाला, तर उत्तमच. नसला तरी ती राहणार त्याच घरात. दर रविवारी मी, दर बुधवारी तू. पंधरवड्याला नाही, दर बुधवारी. … तुझं दुकान बुधवारी बंद असतं, मला सांगू नकोस.

आता तिला फोन दे. … दे म्हणते ना. मला बोलायचंय तिच्याशी. खूप बोलायचंय.

आई? … आई, मी बोलतेय. … हो, मीच सांगितलं त्याला लावायला. … आई, थांब, आधी मला बोलू दे. किती दिसतं तुला? … विषय बदलू नकोस, चहाला उकळी आली तर येऊ दे. किती दिसतं? खरं सांग. … उजेड. … खिडकी कुठे आहे ते कळतं. … आणि? … बस?

आणि मी? मी आले की दिसते का तुला?

… आवाजावरून.

… आणि एवढं सगळं होऊन तू आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस? आम्ही कोण आहोत, परके? मी निळा की हिरवा विचारत बसले आणि तू हसत… काय? … हो. हो, तो म्हणाला होता तसं. कुलूप लावीन म्हणाला होता. … हो, मीही मान डोलावली. … बघितलीस तू? तुला दिसत होतं तेव्हा?

… थोडं. हं.

नाही गं. नाही लावणार कुणी कुलूप. पाठवली टॅक्सी, विचार त्याला. … काय? … खिडक्यांना राहू देत माझे? … तिथे तुला अडचण नाही. बरं. … नाही, दारांचे सगळे काढते, येत्या रविवारी येते आणि…

… हो. कापला. … हो आई, कात्रीनं. … नाही, नाही उसवला. … हो, उसवता आला असता, टाके तुझेच होते, लांब लांब होते… हो, माझ्या हातातली कात्री काढून घ्यायला हवी. … मास्तरांना सांगतेस? सांग. … हो. हो. ऐकतेय. … गाढव. हो. … तीस वर्षं शिवणकाम करून… हो.

काय म्हणालीस? … ब्लँकेटचं आहे, ते पलंगपोसाच्या आत घातलंय, ते अख्खं निघेल. … हो, मागच्या दाराला सगळ्यात आधी तेच.

… आई, तो कॉर्डरॉयचा नाही राहिला.

… बाबांचा. … तो उसवून जोडण्यासारखा नाही राहिला गं. जाड होता, उशीत नुसता गोळा होत होता, म्हणून मी… बारीक केला. … बोटाबोटाएवढे तुकडे.

… आई?

… बोल गं काहीतरी. शिव्या दे. मघाच्याहून मोठ्या दे. … आई, मी असं करायला नको होतं. मला वाटलं, नुसती जुनी पँट. …

कुठल्या उशीत? … ती गोल. तुझ्या खुर्चीतली. पाठीला घेतेस ना, ती. … थांब, मी रविवारी येऊन उघडते, जे काय मिळेल ते…

नको? … उघडायची नाही? … का गं?

… माहीत होतं? … तुला माहीत होतं? कसं काय? मी तर सांगितलंच नाही…

… खिशाचं बटण?

… टोचतं? … पहिल्या दिवसापासून? … तीन आठवडे तुझ्या पाठीला बटण टोचतंय आणि तू मला… अगं मला सांगायचं ना! मी काढलं असतं! एका मिनिटात काढलं असतं!

… टोचतं म्हणूनच ती उशी घेऊन बसतेस?

… आई?

… चहा उतू गेला तर जाऊ दे, आई, ठेवू नकोस फोन… हॅलो? … हॅलो? …